सख्खी बहीण पाहिजे

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ जून २०२४

त्रिशलास, अनेक आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिले.

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, अक्काला उपरती झाली. तसलं काही झालेलं नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे. तुझ्या यजमानांना, बाहुबलींना फोन केला तर ते आधी पाऊस विचारतात, मग गुडघे विचारतात, आणि तुझं नाव काढलं की 'ती बस्तीत गेलीया' म्हणून सांगतात. माझ्या श्रेयसच्या लग्नापासून तू त्या देवळातच आहेस. एव्हाना तुला मोक्ष मिळायला हवा होता. म्हणून पोस्टानं लिहिते. अक्षर वाकडं दिसेल. बोटं वाकडी असल्यावर अक्षर सरळ कुठून येणार?

एक बातमी तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. मी इथल्या संधिवात निधीच्या रुग्ण मंडळावर आहे. निधी म्हणजे दवाखाना नव्हे. लोकांकडून देणग्या घ्यायच्या आणि संधिवातावर जे संशोधन करतात त्यांना द्यायच्या, हे त्यांचं काम. दूध संस्था देतात, व्यापारी देतात, गेल्या गणपतीत एका तालमीच्या पोरांनी डॉल्बी लावला नाही आणि त्याचे पैसे निधीला दिले. संशोधन करणारे अर्ज करतात. ते आधी बाहेरगावचे मोठे डॉक्टर वाचतात, शास्त्राला धरून आहेत का बघतात. त्यानंतर आम्ही. आम्ही म्हणजे ज्यांचे सांधे गेलेत ते. आमच्यासाठी प्रत्येक अर्जाचं एक पान सोप्या मराठीत करून देतात आणि विचारतात, हे तुमच्या कामाचं आहे का? आम्ही गुण द्यायचे. दहावीला तुझ्यापेक्षा कमी गुण पडलेली मी आता एम.डी. झालेल्यांना गुण देते, त्रिशला. तू पुन्हा एकदा वाच ते वाक्य.

यंदा शेवटी दोन अर्ज राहिले आणि पैसे एकालाच देण्याइतके होते. एक उद्यमनगरातल्या कारखानदाराचा. वाकड्या बोटांना आधार देणारी एक पट्टी त्यानं केली आहे, ती किती उपयोगी पडते हे तपासायचं होतं. दुसरा अर्ज डॉक्टर तेजस्वी नावाच्या पोरीचा. संधिवात झालेली बाई आणि न झालेली तिची बहीण, अशा जोड्या घ्यायच्या आणि दोघींचं रक्त तपासायचं. एका चुलीवरचं खाऊन, एका आडाचं पाणी पिऊन, एकीला होतो तो दुसरीला का होत नाही, हे शोधायचं.

हा प्रश्न तर माझा आहे. श्रेयस पाळण्यात होता तेव्हापासूनचा. सकाळी उठून त्याच्या लंगोटाची गाठ मला सुटत नव्हती आणि तू तिकडे पहाटे भाकरी थापून मोगऱ्याचा गजरा करत बसायचीस, तेव्हापासून मी विचारते आहे, मला का आणि हिला का नाही? एका मुनी महाराजांना विचारलं तर त्यांनी मागच्या जन्मीचं कर्म सांगितलं. मागच्या जन्मी पण तू चांगलीच वागली असणार म्हणा.

मी तेजस्वीला दहापैकी दहा दिले आणि पट्टीला चार. मंडळावर कोडोलीचे आकाराम पाटील आहेत, जुने पैलवान, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ते म्हणाले, "वैनी, पट्टी तुमच्याच कामाची हाय की. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेताय?" मी म्हटलं, माझं बोट गेलं तरी चालेल, पण मला उत्तर पाहिजे. पैसे तेजस्वीलाच मिळाले.

आता तुला वाटेल, ही माझं रक्त मागायला लागली. नाही. मी पद्मलला घेऊन जाणार आहे. आपल्या चुलत्यांची पद्मल, तिचीही बोटं चांगली सरळ आहेत आणि ती बोलवल्यावर येते. जोड्या बोलवायला जी नोटीस लागणार आहे तिच्यात बहीण म्हटलं आहे, आणि पद्मल बहीणच आहे. माझ्याकडे बहिणी आहेत, त्रिशला. तू काळजी करू नकोस.

अक्का


राजारामपुरी
२ जुलै २०२४

त्रिशला,

तू उत्तर पाठवलं नाहीस. बरं झालं, पाठवलं असतंस तर मला आता जास्त लाज वाटली असती.

झालं ते सांगते. लपवून उपयोग नाही, पद्मलनं एव्हाना सगळ्या भावकीत पसरवलं असेल.

नोटिशीचं मराठी तपासायचं काम मंडळानं माझ्याकडे दिलं होतं. तेजस्वी डॉक्टरनं लिहिलं होतं 'सहोदर भगिनी'. मी म्हटलं, "बाई, असं कोण बोलतं? राधानगरीच्या बाईला वाटंल, भगिनी म्हणजे मंडळाची मेंबर. नुसतं बहीण लिवा." तिनं माझं ऐकलं. 'तुम्हाला संधिवात आहे का? तुमच्या बहिणीला नाही ना? मग दोघी मिळून या.' शिरोळपासून राधानगरीपर्यंत दवाखान्यांत, दूध डेअऱ्यांत ही नोटीस लागली. माझी वाक्यरचना म्हणून मी तिच्याकडे कौतुकानं बघत होते.

ठरल्या दिवशी दवाखान्याचं आवार बायकांनी भरून गेलं. तेजस्वी खूश, मी खूश. मग ती एकेका जोडीला आईचं नाव विचारायला लागली. पहिली जोडी मावस बहिणींची. दुसरी आतेबहिणींची. एकजण जावेला घेऊन आलेली, म्हणे पाठच्या बहिणीसारखी हाय. एक मानलेली बहीण, दरवर्षी साडी देते म्हणून. आणि एक बाई चक्क सवतीला घेऊन आली होती. तेजस्वीनं कपाळाला हात लावला तर ती म्हणते, "आमी बहिणीगतच ऱ्हातोय की. इचारा गावात."

आमची पाळी आली. तिनं पद्मलला आईचं नाव विचारलं. पद्मलनं काकूचं सांगितलं. मग वडलांचं. पद्मलनं काकांचं सांगितलं.

"मग ह्या तुमच्या बहीण कशा?"

"कशा म्हंजे? एका ताटात जेवलोय आमी," पद्मल म्हणाली. "तुमी डॉक्टर झाला म्हणून नातं तोडताय व्हय?"

तेजस्वी माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "राजमतीबाई, सख्खी पाहिजे. एका आईबापाची. रक्ताची तुलना आहे."

पद्मल तरातरा निघून गेली. तिच्यामागे अर्धं आवार रिकामं झालं. निधीचे पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात. दिवाळीपर्यंत पुरेशा जोड्या झाल्या नाहीत तर पुढचा टप्पा थांबेल आणि अभ्यास गुंडाळावा लागेल. ज्या अर्जाला मी दहा गुण दिले तो मीच एका शब्दानं बुडवायला निघाले. आपल्यात काका, मामा, आत्या कुणाचीही पोरगी असली तरी बहीणच म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. मीच तर त्या शब्दाच्या आडोशानं पद्मलला नेत होते.

आता नवी नोटीस लागली आहे. वर जाड अक्षरात 'सख्खी बहीण पाहिजे'. तीही मीच लिहून दिली. ती लिहिताना माझ्या मनात काय आलं असेल ते तुला सांगायला नको.

आणि ते लग्नातलं. मुहूर्ताचे गव्हले वळताना नवऱ्यामुलाच्या आईनं पहिला गव्हला वळायचा असतो. मी बोटात कणीक धरली होती. वेळ लागत होता, कबूल, पण वळत होते. विहीणबाई समोर बसल्या होत्या, त्यांच्या बहिणी बसल्या होत्या, आणि तू पुढे वाकून माझ्या बोटांतनं ती कणीक काढून घेतलीस. "सोड अक्का, मी करते." चिमटीत फिरवून पटापट तांदळासारखे गव्हले पाडलेस. बायका म्हणाल्या, "हात बघा धाकटीचा." मी तुला म्हटलं, ह्यापुढं माझ्या घरात कशाला हात लावू नकोस. तू न जेवता गेलीस. तुझं म्हणणं, मदत केली. माझं म्हणणं, माझ्या पोराच्या लग्नातला माझा एक गव्हला तू मला वळू दिला नाहीस. मी अजून त्याच मताची आहे.

मला तुझ्या हातांचा हेवा वाटतो, त्रिशला. नळ बंद करताना वाटतो, ब्लाउजचे हुक लावताना वाटतो. अव्वा माझीही आईच, पण शेवटच्या दुखण्यात ती माझ्या हातचं खात नव्हती, माझा चमचा हलायचा म्हणून. तुझी वाट बघत तोंड मिटून पडायची. तुझ्या हातून खाल्लं की माझ्याकडे बघून म्हणायची, "पोटभर जेवले बघ." ते मला सांगायची काय गरज होती?

एवढं लिहिल्यावर मागते आहे. तुझं थोडं रक्त पाहिजे. माझ्या घरी येऊ नकोस, परस्पर दवाखान्यात ये. मला नको देऊस, तेजस्वीला दे.

अक्का


राजारामपुरी
२३ ऑगस्ट २०२४

त्रिशला,

बाहुबलींनी 'पुराचं पाणी उतरलं की आणतो' असा निरोप दिला होता तेव्हा मला वाटलं, हीपण देवळासारखीच थाप. पण तू आलीस. चिखल वाळलेल्या चपला बघितल्या मी. घरात पाणी शिरलं होतं का ते विचारायचं मनात होतं. विचारलं नाही, कारण तू माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसलीस आणि नर्सशी गप्पा मारायला लागलीस.

तिथंही मला सुख नाही. माझी शीर सापडेना. नर्सनं हा दंड बघितला, तो बघितला, मनगट चोळलं, दोनदा टोचलं. तुझी बाही वर झाली आणि ती म्हणते, "ह्यांची शीर कशी ठसठशीत हाय." तुझी शीरसुद्धा लोक नावाजतात. मी घरी येऊन आरशासमोर माझा दंड बघितला, आता काय सांगू तुला.

मग तेजस्वीनं दोघींचे हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावले. तुझा, माझा, तुझा, माझा. पाची बोटं सारखी नसतात म्हणतात, इथं तर वीसच्या वीस वेगळी. तिनं तुझी पेरं दाबून बघितली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाशी ती थोडी जास्त थांबली. "दुखतंय?" म्हणाली. तू म्हणालीस, "न्हाय." पण ओठ दाबलेस. मी बघितलं. मला वाटलं, नाटक करते आहे. माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे ते हिला बघवत नाही. खरंच असं वाटलं, म्हणून लिहिते.

बाहेर आल्यावर बाकावर बसलो. मला तहान लागली होती. पाण्याची बाटली काढून मी झाकणाशी झटत होते. तू ती घेतलीस, झाकण फिरवलंस, परत माझ्या मांडीवर ठेवलीस आणि रस्त्याकडे बघत बसलीस. मी पाणी प्यायले नाही. एस.टी. येईपर्यंत कोरड्या घशानं बसून राहिले, पण प्यायले नाही. तू गेल्यावर सगळी बाटली संपवली.

रक्त दिलंस, त्याबद्दल आभार मानायला पाहिजेत. मानले.

जोड्या बऱ्या जमायला लागल्या आहेत. आकाराम पाटील गावोगाव फोन करून विचारतात, "सख्खी हाय का? आई एकच न्हवं?" परवा एका बाईनं त्यांना चांगलंच सुनावलं. मी स्वतः भाग घेतल्यामुळे या अभ्यासाच्या बैठकीत मला आता बसता येत नाही. माझ्या खुर्चीत राधानगरीची चिमणाबाई बसते. तिलाही मी बघून घेईन.

अक्का


राजारामपुरी
२० ऑक्टोबर २०२४

त्रिशला,

क्षमावाणीला, वर्षभराची माफी मागायच्या दिवशी, तू सगळ्या गावाला फोनवर 'उत्तम क्षमा' पाठवलीस म्हणे. पद्मलनं मला दाखवली, तिला आलेली. मला आली नाही, कारण नंबर बंद. क्षमेलासुद्धा रेंज लागते.

काल बाहुबलींचा फोन आला. पाऊस नाही, ऊस नाही, गुडघे नाहीत. नुसतं म्हणाले, "अक्का, हिच्या रक्तात ते निघालंय." दवाखान्यातून मला कुणी काही सांगितलेलं नाही, सांगायचं नाही असा त्यांचा नियम आहे आणि तो मीच मंडळात उचलून धरला होता. त्यामुळे तेजस्वीवर राग धरू नकोस, आणि बाहुबलींवरही नको.

मी वाचलेलं आहे म्हणून मला कळलं. तुझं शरीर तुझ्याच सांध्यांवर उठायच्या तयारीत आहे, त्याची ती खूण. अजून उठलेलं नाही. उठेलच असंही नाही. पण ते मधलं बोट सकाळी आखडतं, हे तू उन्हाळ्यापासून घरात कुणाला सांगितलं नव्हतंस, हेही बाहुबलींनी सांगितलं.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते. तुला वाचायला जड जाईल, तरी वाच. पहिल्यांदा आलं, बरं झालं. आता कळेल. हुक लावताना कळेल, गव्हले वळताना कळेल, आणि बायका माझ्याकडे बघतात तशा तुझ्याकडे बघतील. हे एखादा घोट चहा पिण्याइतका वेळ टिकलं. नंतर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

पण बाहुबली पुढचं सांगायला लागले तेव्हा परत जळजळ सुरू झाली, आणि ही काही जाईना. ज्या बहिणींच्या रक्तात खूण निघेल त्यांना वर्षभर औषध देऊन बघायचं, रोग अंगावर यायच्या आधीच थोपवता येतो का, हा त्या अभ्यासाचा दुसरा भाग. माझ्या पानावर तो शेवटच्या चार ओळींत होता. मी वाचला होता, गुण देताना डोक्यात घेतला नव्हता. मी 'मला का आणि हिला का नाही' एवढ्यावरच अडकले होते. माझ्यासारख्या जुन्या, वाकून बसलेल्या सांध्यांना ते औषध नाही. आमचं व्हायचं ते होऊन गेलं.

म्हणजे बघ. मला हा रोग झाला तेव्हा कुणी नाव सांगितलं नाही. वाताचं तेल लावा म्हणाले, थंड पाण्यात हात घालू नका म्हणाले, सासूबाई म्हणाल्या, काम टाळायची नाटकं. नाव कळेपर्यंत चार बोटं गेली. आणि तुला? तुला तो अजून झालाही नाही, तोवर त्याचं औषध दारात उभं. डॉक्टर तुझी वाट बघते आहे, आणि पैसे निधीचे, आणि दहा गुण माझे. माझा रोगसुद्धा तुझ्या वाट्याला आला तो औषधासकट. अव्वा असती तर म्हणाली असती, धाकटीचं नशीब.

एवढं जळून झाल्यावर सांगते, ते औषध घे. सह्या कधी करायच्या ते विचार, आणि मला बाहुबलींकडून कळव.

अक्का


[हे त्रिशलाचं उत्तर]

शिरोळ
१ नोव्हेंबर

अक्का,

साष्टांग नमस्कार. मला तुझ्यागत लिहाय येत न्हाय. बोलतो तसं लिवते.

मी औषध घेणार न्हाय. डॉक्टरीण बाईंना तसं सांगून टाकलंय. त्या म्हणाल्या, बळजबरी न्हाय, पंधरा तारखेच्या शुक्रवारपर्यंत इचार करा. मी इचार केलाय.

एक तर अर्ध्या बायकांना खरं औषध देणार आन अर्ध्यांना नुसती गोळी. कुणाला काय, ते डॉक्टरीण बाईंना बी ठावं न्हाय म्हणे. असलं कुठं असतंय व्हय? पण ते सोड. खरं कारण येगळंच हाय.

श्रेयस पाळण्यात असल्यापास्नं तुझी नजर माझ्या हातावर हाय. जेवाय बसलं तरी तू माझ्या ताटाकडं बघत न्हाईस, हाताकडं बघतीस. मेंदी काढली की मी पदराखाली हात घ्यायची, तू आलीस की. माझ्या लेकीच्या, आदितीच्या डोहाळजेवणाला मी हिरव्या बांगड्या भरल्या न्हाईत, तू येणार म्हणून. तू आलीच न्हाईस. लग्नात कणीक घेतली ती तुला तरास व्हतोय म्हणून घेतली. तुझ्या कपाळावर घाम आलता. तो त्या बायकांना दिसू ने असं वाटलं मला.

तुझं आक्टोबरचं पत्र मी यांना वाचून दावलं न्हाय. बरं झालं असं वाटलं म्हणून लिवलंयस. तर होऊ देत की बरं. होऊ देत माझी बी बोटं वाकडी. मग तरी तू माझ्याशी नीट बोलशील. दोघी सारख्या झालो की तुझी जळजळ थांबंल आन मला माझी अक्का मिळंल. मला सरळ बोटं घेऊन काय करायचंय एकटीला?

घरात पाणी शिरलं न्हवतं. तू इचारलं न्हाईस, तरी सांगते.

तुझी
त्रिशला


राजारामपुरी
९ नोव्हेंबर २०२४

त्रिशला,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तुझ्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. ते माझ्या हातानं होत नाही म्हणून लिहिते.

माझ्याशी नीट बोलायला मिळावं म्हणून तू बोटं वाकडी करून घेणार? मग आपण दोघी मिळून एक बाटली तरी उघडू का? तुला काय वाटतं, हे दुखणं म्हणजे नुसती वाकडी बोटं? ते लोकांना दिसतं म्हणून मी त्याच्याबद्दल बोलते. न दिसणारं तुला सांगते. सकाळी डोळे उघडल्यावर मी आधी पडल्या पडल्या मूठ मिटून बघते. मिटली तर दिवस बरा. बऱ्याचदा मिटत नाही. श्रेयसची पोरगी सहा महिन्यांची आहे. तिला मी उभ्यानं घेत नाही. कॉटवर बसते, सून ती माझ्या मांडीवर ठेवते आणि समोर उभी राहते, हात पुढे धरून. काही बोलत नाही, गुणी आहे. पण हात पुढे धरून उभी राहते. आदितीचे दिवस भरत आलेत. आदितीनं तुझ्यासमोर तसं उभं राहावं असं वाटतं का तुला?

घाम मला माहीत होता. मला वाटलं होतं तुझ्या लक्षात आला नसेल.

आता औषधाचं. अर्ध्यांना खरं आणि अर्ध्यांना नुसती गोळी, हे फसवायला नाही. औषध घेऊन ज्या बऱ्या राहिल्या त्या औषधानंच राहिल्या की आपोआप, हे त्याशिवाय कळत नाही. कुणाला काय मिळालं हे डॉक्टरला कळलं तर ती माणूस आहे, एकीकडे जास्त मायेनं बघेल. म्हणून तिच्यापासूनही लपवतात. मंडळात हे मला समजून घ्यायला दोन बैठका लागल्या होत्या, आकाराम पाटलांना तीन. आणि नुसती गोळी मिळाली तरी वर्षभर तपासणी चालू राहील. बोट सुजलंच तर त्याच दिवशी धरतील, माझ्यासारखं तेल चोळत बसवणार नाहीत. कोणती मिळेल हे कुणाच्या हातात नाही. माझ्या असतं तर मी काय केलं असतं ते मला विचारू नकोस. तुला खरं औषध मिळालं तर माझ्या पोटात दुखणार आहे. नुसती गोळी मिळाली तर माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही. दोन्हीकडून मीच मरते, तरी सांगते, घे.

तू लिहिलंस, दोघी सारख्या झालो की माझी जळजळ थांबेल. तू मला ओळखलंच नाहीस. अव्वा गेली, अप्पा त्याच्या आधीच गेले, सासरच्या माणसांचा हेवा करावा असं त्यांच्यात काही नाही. पद्मलची बोटं इतकी सरळ आहेत, तिच्याकडे बघून मला कधी काही झालेलं नाही. सगळ्या जिल्ह्यात मी एकाच बाईच्या हातांकडे बघत आले. सख्खी असल्याशिवाय एवढं होत नाही.

शुक्रवारी ये. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन आणि तू सही करताना तुझ्या हाताकडेच बघणार आहे, पदराखाली घेऊ नकोस. मला ही एकच सवय आहे, ती या वयात मोडू नकोस. तुझी बोटं वाकली तर मी जळायचं कुणावर?

तुझी
अक्का